हात लावून पाहिलेलं मशीन

गॅसवरून नुकत्याच उतरवलेल्या चहाचा स्टीलचा पेला मामा रोज सकाळी उघड्या हाताने उचलत. मामी तो फडक्यात धरून आणी आणि म्हणे, "हात नाहीत हे, सांडशी आहे." मामा हसत आणि दोन्ही तळव्यांत पेला धरून बसत.

दुसऱ्यांची मशीनं चालवण्यात त्यांचा जन्म गेला. ठेकेदाराने काम बंद केलं तेव्हा स्वतःचं खोदकामाचं छोटं पोकलेन घ्यायचं ठरलं. त्यासाठी मामीने माहेरून मिळालेला जमिनीचा तुकडा विकला. तिथे ती दोन खोल्या बांधणार होती. भाड्याचं घर आता सुटलंच तर मशीनच्या जोरावर सुटणार होतं.

वापरलेलं मशीन बघायला आम्ही गेलो ती सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. मामांनी मालकाला आधीच बजावलं होतं, "आम्ही येईपर्यंत सुरू करायचं नाही." झिजलेलं इंजिन तापलेलं असलं की मुकाट्याने सुरू होतं, त्याची खरी तब्येत कळते ती गार असताना.

बॉनेटवर एक मांजर अंग पसरून झोपलं होतं.

"एवढं आवार सोडून याला बरी इथंच झोप लागली!" मामी म्हणाली.

मामांनी मांजर हुसकावलं, बॉनेटवर तळवा टेकवला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. "गार आहे."

मालकाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मांजराकडे.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. मग मामांनी बकेटच्या पिना हलवून पाहिल्या, चाकांभोवतीच्या चेनचा ताण पाहिला, बूम म्हणजे मशीनची लांब भुजा वर उचलून इंजिन बंद केलं आणि ती आपोआप खाली येते का ते बघत राहिले.

"काका, मशीन बघताय की सून?" मालक म्हणाला.

"सून पटली नाही तर वेगळी राहील. हे माझ्याच दारात राहणार."

पैसे मोजून मशीन त्याच दिवशी दारात आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुरूच झालं नाही. मेकॅनिकने खूप खटपट केली आणि हात पुसत म्हणाला, "आतून पार गेलंय. तापवल्याशिवाय उठणार नाही. दुरुस्तीपेक्षा दुसरं घेतलेलं बरं. घेताना इंजिन गार होतं ना?"

"हात लावून बघितलं होतं मी."

"मांजर," मामी हळूच म्हणाली.

तिने त्यांचा हात उलटा केला. तळव्यावर फुटलेला फोड होता, कधीचा कोण जाणे. तिने त्यावर अंगठा दाबला.

"दुखतं?"

"काय?" मामांनी विचारलं. ते मशीनकडे बघत होते.

लिव्हरचे हादरे खाऊन ते हात केव्हाच बधिर झाले होते. आम्ही घरात त्याचं कौतुक करत आलो होतो.

त्यानंतर मामा कुणाच्या कामावर गेले नाहीत. मशीनला गंज चढत गेला आणि ते त्याच्या चेनला टेकून बसून राहत. पुढच्या थंडीत एका पहाटे ते झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी मामीने चहा आणून समोर ठेवला होता. त्यांनी पेला उचलला नाही.

"निवलाय का गं?" ते म्हणाले. "बघ जरा."