फ्रिजची सोमवारची सुट्टी

आमच्या घरातला पहिला फ्रिज माणसांसाठी आलाच नव्हता. तो आला शेळ्यांसाठी. आबा, म्हणजे माझे वडील, वेल्ह्याच्या डोंगरातल्या आमच्या वस्तीवर शेळ्यामेंढ्या आणि चार गुरं राखायचे. शेळ्यांची लस गार ठेवावी लागते, आणि भोरहून बर्फात घालून आणलेली बाटली वस्तीपर्यंत येईतो कोमट व्हायची. कापूरहोळच्या एका ढाबेवाल्यानं आपला जुना फ्रिज काढायचं ठरवलं तेव्हा आबांनी तो टेम्पोत घालून आणला. मी सहावीत होते. फिकट हिरवा रंग, एकच दार, दाराला कुलूप आणि खाली डाव्या बाजूला एक पोचा. ढाब्यावर त्यानं किती वर्षं काढली हे ढाबेवाल्यालाही सांगता येत नव्हतं. आमच्याकडे त्यानं आणखी बावीस वर्षं काढली.

वस्तीवर पंधरा उंबरे आणि फ्रिज एक. त्यामुळे तो आमचा कमी आणि वस्तीचा जास्त होता. कुणाची गाय व्याली की चिकाची कासंडी आमच्याकडे यायची. कुणाचे डोळ्यात घालायचे थेंब, कुणाच्या साखरपुड्याचे उरलेले पेढे, एकदा तर कुणाच्या तरी देवाला वाहायचा हार. आई सगळ्यांना जागा करून द्यायची आणि दाराला कुलूप लावून किल्ली मंगळसूत्रात अडकवायची. किल्लीचा उपयोग काय, हे मला कधीच कळलं नाही, कारण मागेल त्याला ती दार उघडून देत होतीच.

आमच्याकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो महादेवाचा वार, त्या दिवशी औत बंद. आईनं फ्रिजलाही हाच नियम लावला. सहा दिवस राबतोय, एक दिवस त्याला नको का, असं तिचं म्हणणं. सोमवारी सकाळी धारा झाल्या की ती बटण बंद करायची आणि दार उघडं ठेवून त्याला दगड लावायची. लसीच्या बाटल्या ओल्या वाळूत बसवलेल्या माठात जायच्या. मग दिवसभर तिचं काम चालायचं. धरलेला बर्फ सुटला की ती बोटानं त्याची जाडी बघायची, दाराचं रबर पुसायची, फ्रिज पुढं ओढून पाठीवरच्या काळ्या जाळीची धूळ कुंच्यानं झाडायची. दिवेलागणीला बटण चालू. मोटर घरघरली की म्हणायची, आला माघारी कामावर. सोमवारी फ्रिज बंद असतो हे सगळ्या वस्तीला पाठ होतं, आणि सोमवारी कुणी चीक घेऊन यायचं नाही.

मी शिकले, पुण्यात एका शाळेच्या ऑफिसात लागले, धायरीला घर केलं, आणि हे सगळं मला हसायला पुरेसं झालं. डबा खाताना मैत्रिणींना आईच्या फ्रिजची गोष्ट सांगायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. आज सांगायला लाज वाटते, पण तशी मी होते. घरातली शहाणी मीच, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

आबांना साखर निघाली आणि पुढं गोळ्यांनी भागेना तेव्हा इन्सुलिन सुरू झालं. मी पुण्याहून तीन-तीन महिन्यांच्या बाटल्या एकदम आणून द्यायचे. त्या हिरव्या फ्रिजमध्ये लसीशेजारी राहायच्या आणि सोमवारी माठात. मला ते बघवत नव्हतं. माझ्या बापाचं औषध एका ढाब्याच्या फ्रिजवर आणि एका माठावर चाललंय, असं वाटायचं. मोटरही आता मोठ्यानं धडधडायची. आबांना त्याची सवय झाली होती, ती बंद पडली की त्यांची झोप मोडायची.

एका दिवाळीत मी भोरला जाऊन नवा फ्रिज घेतला. दोन दारांचा, चकचकीत, गडद निळा, दारावर फुलं. विकणाऱ्या माणसानं सांगितलं की ह्यात बर्फ धरत नाही, पुसायची कटकट नाही, कधी बंद करायचा नाही, आणि कॉम्प्रेसरला दहा वर्षांची गॅरंटी. हिरवा फ्रिज बदल्यात गेला. टेम्पोत चढवताना तो चालूच होता, म्हणजे पाच मिनिटांपूर्वीपर्यंत चालू होता, आणि त्याच्या आत हात घातला तर अजून गार लागत होतं. आई टेम्पोपर्यंत गेली आणि दाराच्या पोच्यावरून हात फिरवून परत आली. मी म्हटलं, भंगाराला काय ओवाळतेस.

पहिल्याच सोमवारी मी घरात असताना ती नव्या फ्रिजच्या बटणाकडे गेली. मी ओरडले. खरंच ओरडले, कारण मला वाटलं आता ही चार दिवसांत हाही बिघडवणार.

"आई, मशीन आहे ती, बैल नाही. हात लावू नकोस त्याला."

तिनं हात काढून घेतला. मी दुकानाच्या खोक्यावरची चिकटपट्टी काढून बटणावर आडवी चिकटवली. पुढच्या फेरीला गेले तेव्हा त्या पट्टीवर तिनं हळदीकुंकवाची बोटं लावलेली होती. पट्टी मात्र जागची हलली नव्हती.

तीन वर्षं फ्रिज उत्तम चालला. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, आमच्या पोरीनं घेतलाय. पाहुण्याला मुद्दाम त्यातलं पाणी द्यायचे, स्वतः मात्र माठातलं प्यायचे. चौथ्या उन्हाळ्यात आई फोनवर म्हणाली की हा आता लई इमानी झालाय, दिवसभर थांबत म्हणून नाही. मला बरं वाटलं. मोटर अजिबात न थांबता चालते म्हणजे काहीतरी चुकतंय, एवढं साधं मला सुचलं नाही. जुना फ्रिज असा न थांबता चालला असता तर तिनंच त्या सोमवारी त्याला पुढं ओढलं असतं.

त्याच उन्हाळ्यात आबांची साखर चढू लागली. वेल्ह्याच्या दवाखान्यात तपासलं की दर वेळी आकडा वाढलेला. डॉक्टरांनी मात्रा वाढवून दिली, तरी उतरेना. मग त्यांच्या पायाला वहाणेचा फोड आला, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली, आणि तो भरेना. डोंगरात रोज गुरांमागं जाणारा माणूस उंबऱ्यात बसून राहिला. मी फोनवर त्यांना झापायचे. लगीनसराई आहे, तुम्ही जेवणावळीला जाता, जिलेबी खाता, मला सगळं कळतं, आंबे किती खाल्ले खरं सांगा. वडिलांशी असं बोलण्याची आमच्याकडे रीत नाही, पण आजारपणात लेकीची आई होते असं म्हणून मी ती रीत मोडली होती. आबा ऐकून घ्यायचे. व्हय, जरा चुकतंय, म्हणायचे. मग पुण्यात ऊन कसं आहे ते विचारायचे.

त्या दिवसांत शाळेत निकाल, दाखले, नवे प्रवेश. मी चैत्रात एकदा जाऊन आले होते, त्यानंतर जमलं नाही. म्हणजे जमवलं नाही.

जूनमध्ये आईचा फोन आला की पाय काळा पडलाय आणि वास येतोय. आम्ही त्यांना पुण्यात दाखल केलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इन्सुलिन नीट ठेवता ना? मी जरा तोऱ्यातच सांगितलं की नवा फ्रिज आहे, मीच घेऊन दिलाय. आधी अंगठा काढला. मग गुडघ्याखालून पाय काढावा लागेल असं म्हणाले. सही मी केली. आबांनी शुद्धीवर आल्यावर चादरीखाली हात घालून चाचपून बघितलं आणि आईला विचारलं, शेळ्या कोण नेतंय.

आईचे कपडे आणायला मी दुपारी वस्तीवर गेले. जाताना इन्सुलिनची उरलेली बाटलीही घ्यावी म्हणून फ्रिज उघडला. दिवा लागला. आत पंखा फिरत होता, मोटर चालू होती. मी बाटली उचलली आणि ती तव्याशेजारी ठेवल्यासारखी कोमट होती. कोथिंबिरीची जुडी पिवळी पडून तिचा चिखल झाला होता. मी वरचं दार उघडलं. तिथं आम्ही कधी काही ठेवतच नव्हतो. तिथंही उबट हवा होती. मी दोन्ही दारं उघडी टाकून कापूरहोळच्या मेकॅनिकला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या एका पोराला आबांजवळ बसवून आईही शेळ्यांची व्यवस्था लावायला आली होती, आणि मेकॅनिक आला. पन्नाशीचा, शांत माणूस, हातातल्या टेस्टरपेक्षा कानावर जास्त विसंबणारा. त्यानं मोटरीवर हात ठेवला आणि म्हणाला की गॅस गेलाय, एकदम नाही, महिना दोन महिने हळूहळू गळत असणार. जुन्या फ्रिजला जाळी पाठीवर असायची, गळती डोळ्यांना दिसायची, डाख देऊन भोक बुजवलं की पुढं दहा वर्षं बघायला नको. आता तीच नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत, फोममध्ये पुरलेली असते. ती उकरायची म्हणजे फ्रिज फोडायचा. बाहेरून नवी नळी फिरवता येते, पण लोक आता दुरुस्त करत नाहीत, बदलतात. सात-आठ वर्षं चालला तर चांगला चालला म्हणतात. मी गॅरंटीचा कागद पुढं केला. तो म्हणाला, ताई, ती कॉम्प्रेसरची आहे, आणि कॉम्प्रेसर ठणठणीत आहे.

मग त्यानं आईला विचारलं की मावशी, बर्फ धरायचा कमी झालाय हे तुमच्या ध्यानात नाही आलं का? आई म्हणाली की ह्यात बर्फ धरतच नाही, तशीच ह्याची रीत आहे, असं सांगितलं होतं आम्हाला. कुणी सांगितलं ते ती बोलली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

तेव्हा मला कळलं की आई सोमवारी फ्रिजला विश्रांती देत नव्हती. म्हणजे तिच्या मनात तेच होतं, पण तिच्या हातून दर आठवड्याला त्या मशीनची तपासणी होत होती. बर्फ किती, रबर कसं, जाळी किती तापते, सगळं तिच्या बोटांना ठाऊक होतं. बावीस वर्षं तो फ्रिज ढाब्याच्या लोखंडामुळे चालला तेवढाच तिच्या हातांमुळे चालला. मी चिकटपट्टी लावून तिचे हात बांधून टाकले आणि वर त्याला सुधारणा म्हटलं. तसं पाहिलं तर पाय कशानं गेला हे डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. औषध निकामी झालं असेल, वयही झालं होतं, जखम उशिरा आणली, असं ते म्हणाले. माझी समजूत घालायचा त्यांचा हेतू होता आणि मी तेवढ्यापुरती समजूत घालून घेतली.

जखमेचं विष अंगात भिनलं आणि दाखल केल्यापासून बाराव्या दिवशी आबा गेले.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. मी अंगणात उभी राहून कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर बोलत होते. बोलत होते कसली, भांडत होते. पलीकडची मुलगी पुन्हा पुन्हा तक्रार क्रमांक विचारत होती आणि मी तिला सांगत होते की दार उघडलं की दिवा लागतो, आत पंखा फिरतो, साध्या माणसाला कळणार कसं, माझ्या वडिलांना कळणार कसं की औषध तापलंय. आई ओट्यावर शेळीच्या करडाला बाटलीनं दूध पाजत बसली होती. मी फोन ठेवला तशी ती म्हणाली,

"त्यास्नी ठावं व्हतं."

तिनं करडाचं तोंड पुसलं आणि सावकाश सांगितलं. औषध टोचलं की पोटाला गार लागायचं, जरा झोंबायचं. वैशाखात ते झोंबायचं बंद झालं. आबांनी बाटली गालाला लावून बघितली आणि म्हणाले की फ्रिज गार करंना झालाय. आई फोन लावायला निघाली तर त्यांनी तिला बसवलं. बाटल्या माठात ठेवते म्हणाली तर तेही नको, पोरीला माठ आवडत नाही, म्हणाले. मी आबांना आंब्यावरून, जिलेबीवरून बोलायचे ते सगळे फोन त्यानंतरचे.

"मग मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"म्हनले, लई हौसेनं आनलाय तिनं. फोनवर सांगितलं तर तिच्या जिवाला लागंल. आली की आपसूक बघंल." आईनं बाटली खाली ठेवली. "दर आयतवारी सकाळधरनं वाटंकडं तोंड करून बसायचे. म्हनायचे, आज येती का बग."