मासुयोताईंनी सोललेला मुळा

जपानमधल्या साकाई शहरातल्या आमच्या गल्लीत एक सुरी तीन घरं फिरते. त्सुजिनो आजोबा लोखंडाला पोलाद जोडून ती ठोकून घडवतात, मासुयोताई तिला धार काढतात आणि मी, साकुमा, तिला लाकडी मूठ बसवतो. सुरीवर नाव मात्र घडवणाऱ्याचं. धार काढणाऱ्याला कोण विचारतंय!

मासुयोताईंची उंची माझ्या छातीएवढी, आणि हसणं चार घरं पलीकडे ऐकू जाणारं. धार मनासारखी चढली की त्यांना हसू फुटतं. आवरता येत नाही. सून म्हणून आल्या तेव्हा सासऱ्यांनी सहाणेच्या चाकाजवळ फिरकू दिलं नव्हतं. "तू मुळे सोल," म्हणायचे. घरात नऊ माणसं, लोणच्याला पिंपभर मुळे. ताई सोलत राहिल्या.

मग एका वर्षअखेरीला, कामाचा डोंगर उभा असताना, नवऱ्याची कंबर धरली. ताई गुपचूप चाकावर बसल्या. म्हाताऱ्याला नीट दिसत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी धार बघायला एक सुरी नखावर टेकवून पाहिली आणि खूश होऊन म्हणाले, "वा केन्जी! कंबर दुखतेय तरी काय हात चाललाय तुझा!"

आतून अंथरुणातून आवाज आला, "बाबा, मी सकाळपासून इथंच पडलोय."

ताईंना इतकं हसू आलं की त्या पाण्याच्या टबात बसल्या. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी मुकाट्यानं चाकाशेजारी आणखी एक पाट ठेवला. आता चाळीस वर्षं झाली. चाक ताईंचं, आणि केन्जी मासे पकडायला मोकळे.

तर गेल्या नोव्हेंबरात ट्रामच्या रस्त्यावर नवीन खाणावळ काढलेल्या कुवाबारा नावाच्या आचाऱ्यानं भाजीची सुरी परत पाठवली. सोबत चिठ्ठी: "गंजते. कापत नाही. धार काढणाऱ्यानं दुसरा धंदा बघावा."

सुरी ओलीच ठेवलेली दिसत होती. पात्यावर तांबडे डाग, धारेला दोन खांडं. त्सुजिनो आजोबांचा पारा चढला. "पोलादाला आंघोळ घालून तसंच उघडं ठेवतो आणि वर तोंड करून बोलतो! चल, जाऊन त्याचं मुंडकंच..."

"आजोबा, मुंडक्याला भाजीची सुरी चालत नाही," ताई म्हणाल्या. सकाळभर बसून त्यांनी खांडं घालवली, धार चढवली, हसल्या, आणि एप्रन न काढताच माझ्या टेम्पोत चढल्या.

आजोबांसकट आम्ही तिघं पोचलो तेव्हा जेवणाची वेळ, गिऱ्हाइकं खच्चून. ताईंनी विचारलं, "मुळा आहे का?"

कुवाबारा तिशीतला, गंभीर चेहऱ्याचा. "आजी, स्वयंपाकघरात बाहेरच्यांना मनाई आहे."

"मग बाहेर आणा. मी चिठ्ठीचं उत्तर आणलंय."

"द्या हो, द्या!" एक जाडजूड गिऱ्हाईक ओरडलं. "बघू तरी!"

वीतभर लांबीचा, मांडीसारखा जाड मुळ्याचा तुकडा आला. ताईंनी तो डाव्या हातात धरला, पातं टेकवलं आणि मुळा फिरवायला लागल्या. साल काढतात तसं नाही. अख्खा मुळाच गुंडाळी उलगडावी तसा अखंड पापुद्रा होऊन निघायला लागला. हातभर झाला, दोन हात झाला. जाडजूड गिऱ्हाइकानं टोक धरलं. त्याच्याकडून पुढच्या टेबलावरच्या बाईनं घेतलं. "सांभाळा, सांभाळा! फाटेल!" "अहो, माझ्या रश्श्यात बुडतोय!" लोक जेवण सोडून रांगेत उभे राहिले. टोक दारावरच्या पडद्याखालून रस्त्यावर गेलं. तिथं एका पोस्टमननं सायकल भिंतीला टेकवली आणि ते झेललं.

"अजून आहे का?" बाहेरून हाक आली.

"आहे, आहे! चालत राहा!"

पोस्टमन पाठमोरा चालत ट्रामच्या थांब्यापर्यंत पोचला. थांब्यावरच्या दोन आज्यांनी दोन्ही बाजूंनी हात लावले. ट्राम आली, चालकानं डोकं बाहेर काढलं, घंटा वाजवली आणि आतली सगळी माणसं टाळ्या वाजवायला लागली. इकडे ताईंच्या हातात बोटाएवढा गाभा उरला होता, आणि त्यांना हसू फुटलं.

"आधी सुरी खाली ठेव, बये!" आजोबा किंचाळले.

ताईंनी सुरी ठेवली आणि खांबाला धरून हसल्या. मी हसलो, आजोबा हसले, भात वाढणारी मुलगी भातपळी घेऊन खाली बसली. कुवाबारानं पापुद्रा डोळ्यांसमोर धरला. पलीकडच्या भिंतीवरची पाटी तो त्यातून वाचायला लागला: "भाजलेली... बांगडी... छे, बांगडा." त्यालाही हसू फुटलं. चेहरा गंभीर असलेल्या माणसाचं हसू एकदा सुटलं की थांबत नाही. त्याला उचक्या लागल्या.

पाणी पिऊन झाल्यावर तो कमरेतून वाकला. "चुकलं माझं. मला धुवायची कशी ते शिकवा."

"धुवायची गरम पाण्यानं, आणि लगेच कोरडी पुसायची. तान्ह्या बाळाला पुसतात तशी. आणि मला आजी म्हणायचं नाही. ताई म्हणायचं."

"हो, ताई."

तो चौदा मीटरचा मुळा व्हिनेगर घालून तिथंच सगळ्यांनी खाल्ला, पोस्टमननंसुद्धा. कुवाबारानं साके काढली. परत येईपर्यंत त्सुजिनो आजोबांचे तीन पेले झाले होते. ते तडक भट्टीवर गेले, छिन्नी घेतली आणि एका नव्या सुरीवर स्वतःच्या नावाखाली मासुयोताईंचं नाव कोरायला बसले. धार काढणारीचं नाव सुरीवर, असं आमच्या गल्लीत कधी झालं नव्हतं.

अक्षरं तिरपी आली आणि दुसऱ्या अक्षरातली एक रेघ राहूनच गेली.

"थांब, नीट करून देतो," आजोबा ओशाळून म्हणाले.

ताईंनी सुरी पदराखाली लपवावी तशी एप्रनमध्ये गुंडाळली. "हात लावून तर बघा!" म्हणाल्या, आणि या वयात, लाकडी चपला टकटक वाजवत, नवऱ्याला दाखवायला बंदराकडे पळत सुटल्या.