मीटरात न बसणारा शब्द

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात भांडत होते. वडीगोद्रीला रस्त्याच्या कडेला माझं भांड्यांचं दुकान आहे, आणि पातेल्याला पडलेल्या पोच्यावरून एका गिऱ्हाइकाशी माझी जुंपली होती. भाचा म्हणाला, "मावशी, आई गेली... बसल्या बसल्या." मी त्याच्यावरच ओरडले, "बसल्या बसल्या कशी जाईल? काय करत होती?" तो म्हणाला, "पेटी पुसत होती." मी पातेलं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं आणि शटर ओढलं.

माझी थोरली बहीण छाया. जालना जिल्ह्यात भीमगीतं आणि गावाकडची गाणी ऐकणाऱ्यांना तिचा आवाज माहीत आहे. ती गाणी तिनंच लिहिलेली होती, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे, आणि माझं भांडण त्याच्यावरूनच आहे.

आमच्या आण्णांची गायन पार्टी होती. आण्णा पेटीवर, चुलते ढोलकीवर, आम्ही दोघी कोरसला. कार्यक्रमाची सुपारी ठरवायचं काम माझ्याकडं आलं, कारण आण्णा लाजायचे आणि आक्का फुकटसुद्धा गायला तयार असायची. एका गावात जयंती कमिटीचे अध्यक्ष अडून बसले. "आमच्या गावच्या विहिरीवर गाणं पाह्यजे, मंगच सुपारी." मी म्हटलं, "विहीर तुमची, गाणं आमचं, मंग भाव बी आमचाच." आमची घासाघीस चालली होती आणि आक्का बशीवर बोटं वाजवत बसली होती. चहा आणणाऱ्या म्हातारीला तिनं हळूच दोन प्रश्न विचारले, तेवढंच. चहा संपला आणि तिनं चार कडवी गाऊन दाखवली... त्या विहिरीवर कोण पाणी भरायचं, कोण लांब उन्हात उभं राहायचं, आणि पहिली घागर कुणी बुडवली, सगळं त्यात होतं. पहिली घागर त्या म्हातारीनंच बुडवली होती. ती रिकामा ट्रे छातीशी धरून तशीच उभी राहिली. अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही म्हनाल ते." मी आक्काच्या कानात पुटपुटले, "जरा थांबली असतीस तर अजून वाढवलं असतं." पण खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला होता. मी जन्मभर तोलूनमापून माल घेतला. हे कुठून येतं आणि कोण देतं, ते मला कधी कळलं नाही.

आमच्याकडं गाण्याच्या शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं. आण्णा होते तोवर आक्काच्या गाण्यांत आण्णांचं नाव यायचं. ते गेल्यावर तिनं पहिल्यांदा स्वतःचं घातलं. वर्षाच्या आत दुसऱ्या पार्टीच्या एका गायकानं ते गाणं उचललं, शेवटच्या कडव्यातून छायाला उठवलं आणि तिथं स्वतः बसला. त्याचं नाव लिहीत नाही. त्याला फुकट छापून आणायची माझी इच्छा नाही. मी भर मांडवात त्याच्या हातातला माईक हिसकावला. आक्कानं मला दंडाला धरून बाहेर आणलं. "सुमे, माईक हिसकून गाणं परत येत न्हाई." "मंग कशानं येतं?" ती म्हणाली, "बघू."

पुढं रस्ता रुंद झाला आणि माझ्या दुकानापुढचा कडुलिंब गेला. आक्का दुपारभर त्याच्या बुंध्यावर बसून राहिली. आठवड्यात गाणं तयार होतं: "रस्ता झाला मोठा बाई, छाया कुठं गेली." मी पहिल्याच तालमीला अडले. "आक्का, आपल्यात छाया कोन म्हनतं? सावली म्हन की! पुस्तकातली झालीस का?"

"सावली मीटरात बसत न्हाई."

"वढून बसव."

"तू भांडी वीक," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

शेवटच्या कडव्यात तिनं नाव घातलंच नाही. विचारलं तर म्हणाली, "जागा रिकामी ठिवली. बसू दे कुनाला बसायचं ते." आणि तोच बसला. बघता बघता ते गाणं त्याच्या नावानं मोबाइलवर, रिक्षात, लग्नात वाजू लागलं. मी आक्काला भेकड म्हटलं, तोंडावर, तिच्या सुनेसमोर. ती फक्त हसली. ते हसणं मला इतकं लागलं की दीड वर्ष मी तिच्या घरी गेले नाही... आणि तो शब्द परत घ्यायचा राहून गेला.

आक्काच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो आला. पांढरे कपडे, हातात मेणबत्ती. त्यानं तेच गाणं धरलं तेव्हा माझं डोकं सणकलं, मी उठलेसुद्धा. त्यानं 'छा' लांबवला, तिच्यासारखाच... "छाऽऽया कुठं गेली." तिचा फोटो समोर होता. बायका हुंदके द्यायला लागल्या. प्रत्येक कडव्यानंतर तो तिला हाक मारत होता, आणि त्याला पत्ताच नव्हता. शेवटी स्वतःचं नावही त्यानं ठणकावून घेतलं. ते कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिची वही काढली. पहिल्या खर्ड्यात स्वच्छ लिहिलं होतं, "सावली कुठं गेली." मांडीवर ताल धरून म्हणून पाहिलं. सावली बराबर बसते. बसत नव्हती ती छाया. म्हणून तर तो 'छा' ओढावा लागतो. तिनं सावलीवर एक रेघ मारून वर छाया लिहिलं होतं. शेवटच्या कडव्यातलं नाव कुणीही काढतो. धृपदातलं काढायला त्याला ते दिसावं तरी लागतं.

मला का सांगितलं नाही, यावर मी पंधरा दिवस तिच्याशी मनातल्या मनात भांडले. उत्तर मला माहीत आहे. मी त्याच दिवशी चौकात बोंबलले असते आणि दुसऱ्या दिवशी त्यानं सावली म्हटलं असतं. आता लिहिते आहे, कारण आता त्यानं शब्द बदलला तर लोकच त्याला थांबवतील. भेकड हा शब्द मी इथं, सगळ्यांसमोर परत घेते. पण मला सांगायला पाहिजे होतंस, आक्का. मी गप्प बसले असते... बहुतेक.

परवा दुकानापुढं एक बाई लेकरू कडेवर घेऊन भर उन्हात गाडीची वाट बघत उभी होती. मी हाक मारली, "बाई, आत या, छायेत या."

ती हसली. "काय वो, पुस्तकातलं बोलून राह्यल्या."

मी म्हटलं, "आमच्यात असंच म्हनत्यात."