लाल भेंडीचं गाणं

बाळांची बुद्धी वाढवतो म्हणत संगीताचे क्लास विकणाऱ्यांचा मला संताप येतो. घरीच गा, असं सांगणारी पत्रकं वाटताना शनिवार पेठेतल्या एका उघड्या दाराशी मी थबकले. आत एक गृहस्थ पळीने डबा बडवत लेकीसमोर बेसूर गात होते, "गाजर लाल, भेंडी लाल!"

"अहो, भेंडी हिरवी असते," मी म्हणाले.

"तुम्हाला विचारलंय? ही अडीच वर्षांची झाली, अजून बोलत नाही. बरोबर गायलं की नुसती ऐकते, चुकलं की चिडते. चिडून तरी बोलेल."

पुन्हा भेंडी लाल झाली. पळी हवेतच धरून ते थांबले. मीही पत्रकं विसरून बघत राहिले.

लेकीने डब्यावर थाप मारली. "नाई!"

"बरं बाई, मग कशी?" विचारत त्यांनी पळी तिच्या हातात दिली.