दोघं एका विमानात नकोत

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या भाऊसो कांबळ्यांना स्वप्नात नेहमी एकच विमान दिसायचं, आणि ते कधी उडायचं नाही. रंकाळा तळ्याच्या मधोमध पाण्यात बुडून उभं असायचं, पंख तेवढे बाहेर. आत दिवे लागलेले. खिडक्यांशी माणसं बसलेली. कुणी चहा पितंय, कुणाच्या मांडीवर पोर निजलंय. भाऊसो काठावरून हात करायचे, आतली माणसंही हात करायची. सकाळी त्यांचा चेहरा बघूनच पारूबाई विचारायच्या, "आलतं वाटतं इमान?"

हे विमान त्यांना भेटलं वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात. भाऊसो तेव्हा शिरोलीला, गाड्यांच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात पत्र्याच्या कामाला होते. लांब पल्ल्याच्या बसगाड्यांना खिडक्या कापायच्या, हे त्यांचं काम. मासिकात कॉमेटची हकिकत होती. उतारू नेणारं पहिलंवहिलं जेट विमान, देखणं, ढगांच्याही वरून जाणारं. पण वर्षभराच्या आत तीन कॉमेट पडली. एक कलकत्त्याजवळ वादळात सापडलं. दुसरं इटलीजवळ, भर सकाळी, समुद्रावर फुटलं. चौकशी झाली, विमानं पुन्हा उडायला लागली, आणि थोड्याच दिवसांत तिसरंही त्याच बाजूच्या समुद्रात गेलं.

मग इंग्लंडातल्या लोकांनी एक अख्खं विमान हौदात उभं केलं. पाण्याचा दाब आत द्यायचा, काढायचा, पुन्हा द्यायचा. दाब दिला की विमान वर गेलं असं धरायचं, काढला की उतरलं. जागच्या जागी उभं राहून ते हजाराहून जास्त वेळा जाऊन आलं, आणि एक दिवस एका चौकोनी खिडकीच्या कोपऱ्यापाशी पत्रा फाटला. दमला होता बिचारा.

दुसरा कुणी असता तर पान उलटून घरी गेला असता. आमचे भाऊसो त्यात अडकले ते अडकलेच. चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या मांडवात, मयताला जमलेल्या लोकांतसुद्धा विषय कुठूनही निघो, तो हौदात जाऊन पडणार हे ठरलेलं. लोक त्यांना येताना बघून रस्ता बदलायचे, आणि त्यांना ते कळायचं नाही. पारूबाईंना रस्ता बदलायची सोय नव्हती. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता भाऊसो सुरू करायचे. कलकत्ता व्हायचं, इटली व्हायची, हौद व्हायचा, आणि शेवटी डोळे अर्धवट मिटून ते म्हणायचे, "मला एकदा तरी असं खिडकीपाशी बसून जायाचं हाय, पारू." पारूबाई त्यांच्या ताटात आमटी वाढायच्या.

वैशाखी पौर्णिमेला बुद्धांच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या लावताना पारूबाई एक जास्तीची लावायच्या. भाऊसोंनी एकदा विचारलं, "ही कुणाची गं?"

"त्या इमानातल्यांची. तुमी रोज त्यास्नी पाडतायसा, कुणीतरी नगं का आठवण करायला?"

भाऊसो हसले होते. त्यांना ते कौतुक वाटलं.

त्यांची एकुलती एक लेक दीक्षा नागपुरात नोकरीला. या वर्षी तिनं तिथं घर घेतलं आणि नव्या घरातल्या बुद्धवंदनेला आईवडलांना बोलावलं. कोल्हापूरहून आता नागपूरला विमान जातं, तेव्हा दोघांची तिकिटं मी काढते, असं ती फोनवर म्हणाली. भाऊसोंनी फोन हातात घेतला तो दोन्ही हातांनी. आयुष्यभर मागितलेलं असं न मागता दारात आलं होतं.

"माझं रेल्वेचं काढ," पारूबाई मागून म्हणाल्या.

"अगं, आता कुटं इमानं तशी पडत्यात? कोपरं गोल केल्यात समद्यांनी," भाऊसो म्हणाले.

"केलं असतील. तुमी जावा. पर दोघं एका इमानात नगोत. पोरीला एक तरी मागं राह्यला पायजे."

भाऊसोंनी समजावलं, रुसून बघितलं, एक वेळ जेवलेसुद्धा नाहीत. पारूबाई ऐकेनात. शेवटी आदल्या दिवशी त्या पिशवीत चटणी-भाकरी बांधून एकट्या रेल्वेत बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी भाऊसो उजळाईवाडीच्या विमानतळावर विमानात चढले.

खिडकीची जागा मिळाली. काचेच्या कोपऱ्यावरून त्यांनी बोट फिरवलं, गोल, गुळगुळीत. मग जमीन सुटली. खाली उसाचे हिरवे तुकडे, त्यांतून वळणं घेत गेलेली पंचगंगा, आणि मग एकदम काहीच नाही, नुसता पांढरा उजेड. ढग खाली पसरले होते आणि त्यांच्यावर विमानाची लहानशी सावली पळत होती. भाऊसोंना आपण जागे आहोत की निजलोय ते कळेना. कॉमेटमधल्या माणसांनीही हेच बघितलं असणार, त्यांच्या मनात आलं. ती माणसं कशी गेली ते त्यांनी आयुष्यभर सांगितलं होतं. जाताना ती एवढं सुंदर काहीतरी बघत होती, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. त्यांना रडू आलं. ते पारूबाईंना सांगायला त्यांनी शेजारी मान वळवली. तिथं एक अनोळखी उतारू घोरत होता.

नागपुरात वंदना झाली, पाहुणे जेवून गेले. संध्याकाळी दीक्षाच्या नव्या स्वयंपाकघरात तिघं जेवायला बसले, तेव्हा भाऊसोंनी विमानाची गोष्ट काढली. या वेळी तीत कुणी पडलं नाही. नुसते ढग, सावली आणि उजेड. पारूबाई हातातला घास तसाच धरून ऐकत राहिल्या.

"एवढं चांगलं असतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "मग परत जाताना मी बी येतो तुमच्यासंगट. काढ गं दीक्षा, दोघांचं काढ."

दीक्षानं हसत मोबाईल घेतला. भाऊसोंनाही हसायचं होतं. पण त्या खिडकीशी पारूबाई बसलेल्या त्यांच्या डोळ्यांपुढं आल्या, कुंची घातलेल्या पोरासारख्या पदर घट्ट गुंडाळून. पत्रा दमतो. किती वेळा वर जाऊन आलाय ते बाहेरून दिसत नाही.

"थांब," ते म्हणाले. "रेल्वेचं काढ. दोघांचं."

"आबा, तुम्हीच सांगत होता ना, आता विमानं तशी पडत नाहीत म्हणून?"

"सांगत हुतो."

"मग आता काय झालं?"

भाऊसोंच्या समोर ताट होतं, भूकही होती, पण हात काही घासाकडं जाईना. पारूबाई त्यांच्याकडं बघत होत्या. त्या हसल्या नाहीत.

"आता कळलं न्हवं," त्या हळूच म्हणाल्या, "इतकी वर्सं माझ्या घशाखाली घास कसा जात हुता ते."