दोरीवर बसायचं विमान

हे गावी, शहागडला, शेतावर गेले होते. तिथून भाऊजींचा फोन आला तेव्हा मी ह्यांच्यासाठी मेथी निवडत होते. "वैनी, जल्दी निघा. दादा गेला... बांधावर बसल्या बसल्याच गेला," एवढं बोलून धाकटे दीर रडायलाच लागले. त्याला आता दीड महिना झाला. अजून मेथीची जुडी हातात घेववत नाही.

हे जालन्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, पण जीव सगळा पाखरांत. लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की सासरे ह्यांना गोफण देऊन शेतातल्या माळ्यावर बसवायचे, पाखरं हाकलायला. हे हाकलायचे कुठले! एवढ्या वेगानं आलेली चिमणी कणसावर उतरते आणि कणीस जेमतेम हलतं, ते कसं, हे बघत बसायचे. सासरे खालून ओरडायचे, "आरं, राखण करून राह्यला का पाखरांला जेवू घालून राह्यला?" एका साली त्या पट्ट्यात दाणाच उरला नाही म्हणे. लग्नानंतर सासऱ्यांनीच मला हे सांगितलं आणि वर म्हणाले, "येडं तुझ्या पदरात पडलंय पोरी, आता तूच सांभाळ."

सांभाळलं. जालन्यात मस्तगडच्या आमच्या घरात माझी परात मला वेळेवर कधी मिळाली नाही. हे तिच्यात पाणी घेऊन वर हळद भुरभुरायचे आणि माझं उलथनं त्यातून ओढायचे. उलथनं हळूहळू उभं केलं की मागचं पाणी नुसतं विस्कटायचं. ओढता ओढता झटकन उभं केलं की कडेशी हळदीचा घट्ट भोवरा धरायचा. "बघ, उतरताना पाखरू पंख असा उभा करतं. भोवरा पंखाला धरून असतो तोवर आधार भेटतो. तो सुटायच्या आत बसून घ्यायचं!" भाजी करपत असायची, आणि मी बघत असायचे.

मग गच्चीवर विमानं सुरू झाली. हलक्या लाकडाची, बिनइंजिनाची, पोटाखाली तारेचे आकडे. कपड्यांच्या दोरीवर विमान पाखरासारखं बसवायचं, एवढा एकच ध्यास. शेपटी झटकन वळवून नाक वर करणारं रबर लवकर सुटलं तर विमान अलीकडेच आपटायचं, उशिरा सुटलं तर थेट भिंतीवर. "हळू टाका हो, गोफण न्हाई ती," मी चिडवायचे. हेही हसायचे. "बसंल गं. तुझ्या डोळ्यांदेखत बसंल." असं म्हणत केस पांढरे झाले. मला त्या विमानाचं काय कौतुक? पण तुकडे वेचताना ह्यांचा चेहरा उतरायचा, तो बघवत नसे. एकदा तरी बसू दे रे देवा, असं मी दिवा लावताना म्हणायचे, ह्यांना न सांगता.

परवा कपडे काढायला वर गेले. शेवटचं विमान टाकीशेजारी तसंच होतं. आजवर मी एकही फेकलं नव्हतं. ह्यांना बघितलं होतं तसं रबर चढवलं आणि दिलं सोडून. दोरीपाशी त्याचं नाक वर झालं, पंख उभे राहिले, क्षणभर हवेतच अडलं... आणि आकडे दोरीत बसले. दोरी जराशी झुलली.

मी जिन्याकडे धावले. "अहो, वर या लवकर! बसलं! बसलं बघा!"

खालून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "कोणाला हाका मारून राह्यल्या, बाई?"

विमान अजून दोरीवरच आहे. तेव्हापासून कपडे मी आत खोलीतच वाळत घालते.