शर्यतीतलं उष्टं पाणी

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. चाचणी चालू होती. दूध संस्थेच्या सचिवबाई बोलत होत्या, "गुरुजी, सुमनवैनी गेल्या. माप घेता घेता खाली बसल्या, आन् तशाच..." मी "बरं" म्हणालो. वर्गात परत गेलो, पोरांचे पेपर गोळा केले, गठ्ठा कपाटात ठेवला आणि मगच मोटारसायकलला किक मारली. या गोष्टीला काही आठवडे झाले. भेटेल तो म्हणतो, रडून घ्या, मोकळं वाटेल. रडू येत नाही त्याला मी काय करू? जेवतो, झोपतो, शाळेत जातो. गावातली माणसं माझ्याकडे जरा संशयानंच बघतात.

सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात बायकांची सहकारी दूध संस्था त्यांनी उभी केली आणि दूध गोळा व्हायचं ते आमच्याच ओसरीवर. तोंडानं फटकळ. एखादीचं दूध पातळ लागलं की सगळ्यांसमोर विचारायच्या, "दुष्काळात दुधात घालायला तरी पाणी कुठून आणलंस गं?" ती बिचारी लाजून चूर व्हायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाईला वहिनी चहा पाजायच्या.

त्यांचा एकुलता मुलगा ओंकार आठ वर्षांचा असताना रक्ताच्या कॅन्सरनं गेला. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, बरीच मुलं यातून बरी होतात, पण याचा प्रकार वेगळा आहे, त्यावरचं औषध अजून शोधतायत. 'अजून शोधतायत' हे दोन शब्द वहिनींच्या डोक्यात घट्ट बसले. दादाच्या डोक्यात काय बसलं, ते कोणालाच कळलं नाही. त्यानं ओंकारचं नाव घेणंच सोडलं. पाहुणारावळा विचारायचा, लेकरं किती? दादा म्हणायचा, "एक पोरगी हाय." आतून वहिनींचा आवाज यायचा, "आन् ओंकार." मग दादा उठून गोठ्याकडे जायचा. एकदा वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, मला दुसरं काय बी नको. यांच्या तोंडून एकदा त्याचं नाव निघू द्या. मी एकटीनं किती दिवस घेऊ?" दादाशी या विषयावर बोलायची माझी छाती नव्हती.

लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी नगरला धावण्याची शर्यत आहे, असं मी पेपरात वाचलं आणि सहज वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझं नाव टाका." मी हसलो. "हसता कावून? टँकरमागं रोज पळतेच की," त्या म्हणाल्या. ते वर्ष कडक दुष्काळाचं. जनावरं चारा छावणीत आणि दादाही त्यांच्यासोबत तिथेच मुक्कामाला. वहिनी त्याचा डबा घेऊन छावणीपर्यंत पळत जायला लागल्या, तीच त्यांची तयारी. संस्थेच्या बायकांनी एका सांजेचं सगळं दूध, त्याचे पैसे शर्यतीच्या निधीला जावेत म्हणून, ओंकारच्या नावानं दिलं. घरात पोरांना कोरा चहा देऊन दिलं, हे मला माहीत आहे. शर्यतीच्या नंबरचा कागद वहिनींनी पदरावर टाचून दाखवला, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "छावणीतल्या गाईवानी तुला बी बिल्ला मारला की गं."

नगरला शर्यत संपली. मांडव सोडायला माणसं आली, तरी वहिनींचा पत्ता नाही. शेवटी आल्या त्या चालत. पदर ओटीसारखा खोचलेला आणि त्यात पाण्याच्या बाटल्या, दोन्ही हातांतल्या पिशव्यांत बाटल्या. पळणाऱ्यांनी दोन घोट घेऊन रस्त्यात टाकलेल्या! एक स्वयंसेवक म्हणाला, "मावशी, कचरा तिकडे." वहिनी थांबल्या. "कचरा न्हाई, पाणी हाय." मी वैतागलो, लोकांचं उष्टं कशाला गोळा केलंत म्हणालो. "जनावराला कुठं उष्टं कळतंय? मी पळतच हुते भाऊजी, पर पायाखाली पाणी पडलेलं... वलांडून कसं जायचं?"

तिथून आम्ही थेट छावणीत गेलो. वहिनींनी एकेक बाटली बादलीत रिकामी केली आणि बादली गाईपुढे ठेवली. दादाला म्हणाल्या, "ओंकारसाठी पळाले आज." दादा गाय पाणी पिताना बघत राहिला. पाणी संपल्यावर त्यानं बादली उचलली आणि तो कडबा तोडायला गेला. मला त्याचा संताप आला होता. वहिनी मात्र म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. आज उठून गेले न्हाईत, पुरं ऐकलं तरी."

पुढे वहिनी दर वर्षी पळाल्या. नंतर गावातच धाव सुरू केली. तिथे बाटल्या नाहीत. बायका दारात तांब्या घेऊन उभ्या राहतात. घेतलंस तर सगळं पी, नाहीतर हात लावू नको, असा वहिनींचा कायदा. यंदाची धाव त्यांच्या तेराव्यानंतर बायकांनीच पार पाडली. मी तांब्या धरून उभा होतो. दादा नेहमीसारखा त्या दिवशी शेतात निघून गेला.

आता ओसरीवर दूध दादाच घेतो. गेल्या आठवड्यात मी तिथे बसलो होतो. दुधाच्या गाडीवर नवा ड्रायव्हर आलाय, बोलका आहे. चहा पिता पिता त्यानं विचारलं, "मालक, लेकरं किती?" दादा कॅनचं झाकण दाबत होता. मी खाली बघितलं.

"एक पोरगी हाय, सासरी," दादा म्हणाला. मग बसलेलं झाकण पुन्हा एकदा दाबलं. "आन् ओंकार."

"काय करतो ओंकार?"

"आठ वर्षांचा हुता. कॅन्सर झालता. माझ्या मांडीवरच गेला..."

ड्रायव्हरनं कप खाली ठेवला. मी वहिनींना हाक मारायला आतल्या दाराकडे वळलो. तोंडसुद्धा उघडलं होतं. दादा माझ्या आधीच तिकडे बघत होता.